सतरा नंबरचं पातं

१

तलवार मोडली तेव्हा आवाज फार झाला नाही. बँड वाजत होता. नव्या अधिकाऱ्यांच्या चोवीस जणांच्या रांगेने सलामीसाठी तलवारी वर उचलल्या, नाकासमोर आणल्या आणि खाली झटकल्या. सतराव्या अधिकाऱ्याच्या हातात नुसती मूठ राहिली. पातं गिरकी घेऊन उलटं आलं, तिच्या गालावरून घासत गेलं आणि मागच्या रांगेतल्या एकाच्या बुटांशी पडलं.

ती हलली नाही. पुढचा हुकूम येईपर्यंत मोकळी मूठ सलामीतच धरून उभी राहिली. पांढऱ्या कॉलरवर रक्त उतरत होतं आणि प्रेक्षकांत बसलेला तिचा बाप उभा राहून पुन्हा बसला, कारण परेड चालू असताना मैदानात जायचं नसतं, हे त्यानेच तिला लहानपणी शिकवलं होतं. डोळा अर्ध्या बोटाने वाचला. गालावर अकरा टाके पडले.

हा बाप त्या तलवारींच्या कारखान्यात मुठी बसवायचा. तेवीस वर्षं. आपल्या लेकीच्या तलवारीची मूठही त्यानेच बसवली होती.

ते शनिवारचं झालं. मंगळवारी सकाळी तपासणी करणाऱ्या बाई कारखान्यात आल्या. धातूंच्या प्रयोगशाळेत त्यांचा जन्म गेला होता. उंचीने लहान, आवाजाने त्याहून लहान, हातात एक जुनी चामडी पेटी. कारखान्याचे साहेब त्यांना दारातच म्हणाले की काम सोपं आहे, कारण माहीतच आहे, फक्त कागदावर सही हवी.

"कारण माहीत असेल तर मला कशाला बोलावलंत?" बाईंनी विचारलं.

साहेब ओशाळले. मग त्यांनी कारखान्याची रीत सांगितली. प्रत्येक पात्याची शेपटी मुठीत लपते. त्या लपलेल्या भागावर प्रत्येक कारागीर आपलं काम झालं की आपला ठसा मारतो: घडणारा, पाणी देणारा, कोरणारी, मुलामा देणारा, मूठ बसवणारा. मूठ बसली की ते ठसे कुणाला दिसत नाहीत. पण पातं वापरात मोडलं, तर ज्याच्या कामाने मोडलं त्याचा पोलादी ठसा सगळ्यांसमोर चाकावर घासून सपाट करतात आणि त्यानंतर तो माणूस पात्याला हात लावत नाही. सत्तर वर्षांत हे दोनदा झालं होतं. तिसऱ्यांदा शुक्रवारी दुपारी बारा वाजता व्हायचं होतं.

"कुणाचा ठसा?"

"पाणीवाल्या काकांचा," साहेब म्हणाले. "पातं खांद्याशी, म्हणजे शेपटी सुरू होते तिथे, काचेसारखं तुटलंय. पाणी जास्त बसलं की असंच तुटतं. आणि काकांनी स्वतःच कबूल केलंय."

२

पाणीवाले काका भट्टीसमोर स्टुलावर बसले होते. भट्टी थंड होती. चाळीस वर्षं त्यांनी लाल झालेलं पोलाद तेलात बुडवून कडक केलं होतं. तेल असलं तरी त्याला म्हणायचं पाणीच. नंतर हलकी ऊब देऊन ते पुन्हा लवचीक करायचं. किती लाल, किती वेळ, हे ते डोळ्यांनी ठरवत. भिंतीवर तापमान दाखवणारं यंत्र होतं. काका त्यावर टोपी अडकवत.

बाईंनी विचारलं, या चोवीस पात्यांना पाणी देताना काही वेगळं झालं का. काका म्हणाले की सगळं नेहमीसारखं झालं. मग म्हणाले की नसेल झालं.

"मग कबूल काय केलंत?"

"माझा ठसा आहे त्याच्यावर. पोरीच्या गालावर अकरा टाके पडलेत. आता मी वाद घालत बसू?"

बाईंनी वहीत काही टिपलं आणि पेन स्टुलाशेजारी ठेवून भट्टीत डोकावल्या. निघताना काकांनी मान जरा डावीकडे वळवून पेन त्यांच्या हातात दिलं. "हे हिरवं तुमचंच ना?"

पेन निळं होतं. बाईंनी ते पेटीत ठेवलं. पण दारापाशी थांबून त्यांनी हलक्या आवाजात विचारलं, "कोणता डोळा, काका?"

काकांचे खांदे खाली आले. डावा पार गेलेला, उजव्यावर मोतीबिंदू चढत होता. वर्षभर त्यांनी कुणाला पत्ता लागू दिला नव्हता. लाल रंग अजून नीट दिसतो असं त्यांना वाटत होतं. शनिवारपर्यंत वाटत होतं.

बाहेर मूठवाला उभा होता. रुंद खांद्यांचा, स्वच्छ नखांचा, तीन रात्री न झोपलेल्या डोळ्यांचा माणूस. त्याने ऐकलं होतं की नाही कळेना. तो बाईंना म्हणाला की ज्या म्हाताऱ्याला त्याने आजवर बापाच्या जागी मानलं, त्याचं तोंड आता बघवत नाही.

"मुठीला हात लावताना मी श्वास रोखतो, बाई. माझ्या हातून त्या तलवारीत काही कमी राहिलं असतं तर सांगा. या माणसाला निदान यंत्राकडे बघता आलं असतं की नाही? शुक्रवारी मी तिला घेऊन येतो. तिने बघितलं पाहिजे."

काका आतून हे सगळं ऐकत होते. त्यांनी दार लावून घेतलं नाही.

३

मोडलेली तलवार प्रयोगशाळेत रविवारीच पोहोचली होती. मुठीच्या टोकाशी शेपटीचं डोकं ठोकून पसरवलेलं असतं, तेच नटाला धरून ठेवतं. ते कानशीने काढून बाईंनी तुटकी शेपटी बाहेर काढली होती आणि पात्यासकट बरोबर आणली होती. पण एकट्या पात्याकडे बघून काही कळत नाही. शेजारी धडधाकट भावंड हवं. परेडनंतर सगळ्या तलवारी कारखान्यात परत आल्या होत्या. बाईंनी नऊ आणि वीस नंबरच्या उघडून मागितल्या. मूठवाल्याने त्यांच्यासमोरच उघडल्या. कानस अशी चालवली की मुठीच्या टोपणावर ओरखडासुद्धा उठला नाही.

"उघडताना किती जातं?" बाईंनी विचारलं.

"एक आटा. जेमतेम दोन मिलिमीटर. पुन्हा बसवता येते, बाहेरून कुणाला कळणार नाही. तिसऱ्यांदा मात्र नाही, आटेच उरत नाहीत."

दुपार उलटेपर्यंत बाई खिडकीपाशी मांडलेल्या टेबलावरून उठल्या नाहीत. पेटीतलं हिऱ्याच्या टोकाचं यंत्र काढून त्यांनी तिन्ही पात्यांचा कडकपणा मोजला. मग न उघडलेल्या एकवीस पात्यांचा, टोकापाशी, जिथे खूण दिसणार नाही. आकड्यांची रांग वहीत उतरवली. एकशे चव्वेचाळीस आकडे, आणि त्यांत फरक इतका थोडा की यंत्रावर काम करणाऱ्या तरुणांना लाज वाटावी. सतरा नंबर बरोबर मधोमध बसत होतं. काकांचे डोळे गेले असतील, पण हात चुकला नव्हता.

मग त्यांनी मोडीचा भाग सूक्ष्मदर्शकाखाली धरला. जास्त पाणी बसलेलं पोलाद मोडतं तेव्हा सगळं एकदम मोडतं, एकाच रंगाचं. इथे दोन रंग होते. कडेला चंद्रकोरीसारखा एक मंद, शिळा पट्टा, आणि उरलेला भाग ताजा, लखलखीत. म्हणजे पातं परेडच्या आधीपासूनच, मुठीच्या आत, गुपचूप फाटत चाललं होतं. त्या शिळ्या पट्ट्यात पोलादाचे कण साखरेच्या दाण्यांसारखे एकमेकांपासून सुटे झालेले होते.

बाईंनी चष्मा काढून पुसला. त्यांना आता एक गोष्ट ओळखीची वाटत होती, पण ओळखीच्या वाटणाऱ्या गोष्टींवर त्यांचा विश्वास नव्हता. त्यांनी शेपटीवरचे ठसे पाहिले.

मुलामा देणाऱ्याचा ठसा एक छोटी चांदणी होती. नऊ नंबरवर चांदणीच्या रेघांत मुलामा चिरडून तडकलेला होता. वीस नंबरवरही तसाच. साहजिक होतं. आधी मुलामा, नंतर ठोका.

सतरा नंबरवर चांदणीच्या तळाशी मुलामा अखंड होता. गुळगुळीत, आरशासारखा.

ठसा आधी मारला गेला होता. मुलामा नंतर चढला होता.

४

मुलामेवाल्याला कारखान्यात सगळे चकाकी म्हणत. बडबड्या, किडकिडीत, हातांवर तेजाबाचे जुने डाग. बाई दिसताच त्याने विनोद करून पाहिला की त्याच्याकडे आलेलं काळं पोर गोरं होऊन जातं, म्हणून सगळ्या आया त्याच्यावर खूश असतात. बाई हसल्या नाहीत तेव्हा त्याचं अवसान गळालं.

"तुमचा ठसा कधी मारता?"

"भट्टीनंतर, बाई. त्याआधी कधीच नाही. मुलाम्याच्या टाकीतून पातं निघालं की तासाभरात छोट्या भट्टीत, दोनशे अंशांवर चार तास. मग ठसा. ठशाचा अर्थच तो. चकाकीने भट्टी दिली."

"का देता भट्टी?"

"माझ्या उस्तादाने सांगितलं म्हणून. म्हणायचे, ओलं पातं पाठवू नकोस."

त्याचा उस्ताद शाळेत गेला नव्हता, पण बरोबर होता. टाकीत वीज सोडली की पात्यावर मुलामा चढतो आणि त्याच वेळी पाण्यातला हायड्रोजन कडक पोलादात शिरतो. दिसत नाही, वजन वाढत नाही, वाकवून पाहिलं तर त्या दिवशी पातं छान वाकतं. चार तासांच्या उबेने तो निघून जातो. नाही निघाला तर जिथे ताण असतो तिथे जाऊन बसतो, आणि कणांना एकेक करून सुटं करतो. तलवारीत तो ताण खांद्याशी असतो. नट आवळला की रात्रंदिवस.

बाईंनी हे चकाकीला सावकाश सांगितलं. त्याने शपथेवर सांगितलं की चोवीसच्या चोवीस पाती भट्टीतून गेली, भट्टीचा कागद आहे, सही आहे. बाई म्हणाल्या की त्यांचा विश्वास आहे. मग त्यांनी टाकीच्या मीटरची वही मागितली. टाकीतून किती वीज गेली ते मोजणारा एक मीटर भिंतीवर होता, आणि चकाकी रोज सकाळ-संध्याकाळ त्याचा आकडा लिहायचा.

परेडच्या दोन आठवडे आधीच्या सोमवारपाशी बाईंचं बोट थांबलं. सकाळचा आकडा खोडून वर दुसरा लिहिला होता.

चकाकीने मान खाली घातली. शनिवारी तो लवकर निघून बहिणीकडे गेला होता. सोमवारी मीटर शनिवारपेक्षा पुढे दिसला. त्याला वाटलं, घाईत शनिवारचा आकडा आपणच चुकीचा लिहिला. म्हणून गुपचूप जुळवून टाकला.

"खोडलेला वाचता येतोय," बाई म्हणाल्या. "फरक एकसष्टचा. चोवीस पाती केलीत त्या दिवशी मीटर किती पुढे गेला?"

त्याने पानं उलटली. "चौदाशे चाळीस."

बाईंनी भागाकार कागदावर केला नाही. चकाकीनेही केला नाही, पण तो हळूहळू खाली बाकावर बसला.

साठ. एका पात्याला साठ, एखादा आकडा इकडेतिकडे. रविवारी, कारखाना बंद असताना, कुणीतरी एक पातं पुन्हा टाकीत सोडलं होतं.

५

मंगळवारी संध्याकाळी निघण्यापूर्वी बाईंनी एक काम करून घेतलं. काकांकडून त्याच पोलादाच्या दोन पट्ट्यांना तसंच पाणी देववलं. काकांनी आधी नकार दिला. मग बाईंनी कडकपणाच्या आकड्यांची वही त्यांच्या उजव्या डोळ्यासमोर धरली. काकांनी ती बराच वेळ धरून ठेवली आणि भट्टी पेटवली. बुधवारी सकाळी चकाकीने दोन्ही पट्ट्यांना मुलामा दिला. एक चार तास भट्टीत गेली, दुसरी नाही. दुपारी बाईंनी दोन्ही एका चौकटीत सारख्याच वाकवून आवळल्या आणि चौकट कारखान्याच्या ऑफिसातल्या टेबलावर ठेवली. साहेबांनी विचारलं, हे काय. बाई म्हणाल्या, वाट बघायची.

गुरुवारी दारावरच्या पहारेकऱ्याच्या वहीतून तीन माणसं निघाली. त्या रविवारी साहेब आले होते, कोरणाऱ्या ताई आल्या होत्या आणि मूठवाला आला होता. तलवारी सोमवारी पाठवायच्या होत्या, तेव्हा त्यात नवल काही नव्हतं.

साहेब दहा मिनिटांत परत गेल्याचं वहीतच होतं. तरी बाईंनी त्यांना विचारलं. साहेबांनी आधी दुसऱ्याच कामांची नावं घेतली. शेवटी त्यांनी सांगितलं की ते यादी बदलायला आले होते. मूठवाल्याची लेक कोणत्या नंबरची तलवार घेणार ते गुपित असतं, पण त्याने इतक्यांदा विचारलं की त्यांना राहवलं नाही. त्यांनी सतरा नंबर तिच्या नावावर केला आणि त्याला सांगितलं. नियमात बसत नव्हतं. तेवढंच.

कोरणाऱ्या ताई दहा ते चार कारखान्यात होत्या. म्यानांच्या पट्ट्यांवर चिन्हं कोरत. पात्यावरची चिन्हंही त्याच तेजाबाने कोरायच्या, आणि तेजाबाचं कपाट त्यांच्या ताब्यात. ताई सडेतोड होत्या. आपल्यावर संशय आहे हे त्यांना बाईंनी पेटी उघडायच्या आतच कळलं.

"माझं चुकलं असतं तर मी पातं लपवून पुन्हा केलं असतं, असंच ना? तर ऐका. सोमवारी पाठवताना मी सतरा नंबर शेवटचं पुसलं. माझ्या रेघा बुजलेल्या दिसल्या. किंचित. मला वाटलं, हात उथळ चालला. वय झालं. कुणाला बोलले नाही."

"तुमचा हात ठीक आहे," बाई म्हणाल्या. "रेघांत दुसरा मुलामा बसलाय."

ताईंनी हळूच सांगितलं की त्या रविवारी दुपारी कुणीतरी तेजाबाची बाटली घेऊन गेलं होतं आणि जागेवर आणून ठेवली होती. त्यांनी विचारलं नव्हतं. इतक्या वर्षांत त्या माणसाच्या कशालाही हरकत घ्यायची वेळ आली नव्हती.

बाई पुढे काही विचारणार, इतक्यात ऑफिसातून आवाज आला. टण्. एकच, स्वच्छ, जणू कुणी पेला टिचकीने वाजवला.

साहेब दारात आले. त्यांनी हात वर केले होते, आपण कशाला शिवलो नाही हे दाखवायला. टेबलावरच्या चौकटीत एक पट्टी होती तशी वाकलेली होती. दुसरीचे दोन तुकडे झाले होते.

"कोणती?" त्यांनी विचारलं.

"भट्टी न दिलेली," बाई म्हणाल्या.

६

शुक्रवारी अकरा वाजता बाई मूठवाल्याच्या बाकापाशी गेल्या. तो काम करत नव्हता. हत्यारं पुसत होता. लेक साडेअकराला यायची होती.

बाईंनी सूक्ष्मदर्शकाचं काही सांगितलं नाही. त्यांनी बाकावर दोन शेपट्या शेजारी शेजारी ठेवल्या, नऊची आणि सतराची. नऊची त्याने स्वतः उघडली होती. सतराची बाईंनी उघडली होती. दोन्ही एकेकदा. तरी सतराची दोन मिलिमीटर आखूड होती.

मूठवाल्याने बघितलं. त्याला मोजपट्टी लागली नाही.

"रविवारी तुम्ही ही उघडलीत," बाई म्हणाल्या.

"हो," तो लगेच म्हणाला. "उघडली. त्यात काय?"

बाईंना हेच अपेक्षित होतं आणि याचीच त्यांना भीती होती. इतक्या सफाईने तलवार उघडून बंद करणारा हात त्या इमारतीत एकच होता, हे त्यांना मंगळवारीच कळलं होतं. पण लपवायचं असतं तर या माणसाने आपण होऊन त्यांना आट्यांचा हिशेब सांगितला नसता. चोवीस पात्यांतल्या एकावरच कुणी सुट्टीचा दिवस घालवतो, तो काही झाकायला किंवा त्यात जीव अडकला म्हणून. साहेबांकडे वेळ नव्हता. ताईंकडे तो हात नव्हता. आणि बाकीच्या तिघांना, काकांना, चकाकीला, ताईंना, प्रत्येकाला वाटत होतं की चूक आपलीच असेल. एकट्या या माणसाच्या मनात तसं एकदाही आलं नव्हतं.

तो सांगत गेला. साहेबांनी नंबर सांगितला तसा त्याने तलवार उन्हात धरून पाहिली. पात्यावर मुलाम्यात एक फोड होता, सुईच्या टोकाएवढा. दुसऱ्या कुणाची असती तर सोडून दिला असता. ही तिची होती. त्याने मूठ उघडली, तेजाबाने जुना मुलामा उतरवला, नवा चढवला. मुलाम्याचं काम त्याला येत होतं. मुठीच्या परजा, बोटं वाचवणाऱ्या आडव्या पट्ट्या, तो स्वतःच टाकीत सोडायचा, चकाकीला त्रास न देता.

"परजा पितळेच्या असतात," बाई म्हणाल्या.

"हो."

"पितळेला भट्टी लागत नाही."

त्याला कळायला थोडा वेळ लागला. बाईंनी घाई केली नाही. तुटलेली पट्टी त्याच्यासमोर ठेवली, मग न तुटलेली, आणि एकीला काय दिलं होतं आणि दुसरीला काय नाही, एवढंच सांगितलं. त्याने तुटका तुकडा उचलला, कडेवरून अंगठा फिरवला आणि परत खाली ठेवला, जिथून उचलला होता नेमका तिथेच.

"किती वेळ?" त्याने विचारलं.

"चार तास."

"त्या दिवशी मी पाच वाजेपर्यंत इथे होतो," तो म्हणाला. "दुपारभर ती घेऊन बसलो होतो. पुसत. छोटी भट्टी त्या तिथे." त्याने हात उचलून दाखवली. बारा पावलांवर होती. "मला कामच नव्हतं, बाई. नुसता बघत बसलो होतो तिच्याकडे."

७

बारा वाजता सगळे घासायच्या चाकापाशी जमले. काका आपला ठसा रुमालात गुंडाळून घेऊन आले होते. बाईंनी आदल्या दिवशीच त्यांना सांगितलं होतं की त्याची गरज नाही. तरी ते आले. लेक गणवेशात होती. गालावर पट्टी, पाठ ताठ. ती खास काकांसाठी आली होती आणि आल्याआल्या साहेबांना म्हणाली की हे थांबवा, माझी तक्रार नाही.

साहेबांनी बाईंकडे पाहिलं. बाईंनी अहवालाचा कागद चाकाशेजारच्या फळीवर ठेवला. कारणाच्या रकान्यात त्यांच्या बारीक अक्षरात एक ओळ होती: फोड काढण्यासाठी दिलेल्या दुसऱ्या मुलाम्यानंतर भट्टी दिली नाही. त्याखालचा, जबाबदार कारागिराचा रकाना कोरा होता.

"बाई, नाव राहिलं," साहेब म्हणाले.

"नाव मी प्रयोगशाळेत शोधत नाही," बाई म्हणाल्या. "ते इथे लिहायचं असतं."

मूठवाला पुढे आला. पेन घेतलं, रकाना भरला आणि कागद लेकीच्या हातात दिला. मग तो काकांसमोर जाऊन उभा राहिला. काकांनीच त्याचा दंड धरला.

"माझा डोळा गेलाय रे," ते म्हणाले. "या आठवड्यात मला रोज वाटायचं, पोरीचा गाल मीच कापला. तू शिव्या दिल्यास त्या मला खऱ्याच वाटत होत्या. आता तुझ्या वाट्याला आलंय. मी काय बोलू?" मग साहेबांकडे वळून त्यांनी सांगितलं की सोमवारपासून ते भट्टीच्या यंत्रावरची टोपी काढतील आणि ते यंत्र कसं वाचायचं हे ज्याला येतं त्याच्या हाताखाली काम करतील.

मूठवाल्याने खिशातून आपला ठसा काढला. साहेब म्हणाले की ही चूक वेगळी आहे, विचार करता येईल, घाई नको. मूठवाल्याने मान हलवली आणि चाक सुरू केलं. ठिणग्या फार उडाल्या नाहीत. ठसा लहान असतो. अर्ध्या मिनिटात तिथे सपाट पोलाद होतं. त्याने ते पुसलं, थंड होऊ दिलं आणि साहेबांच्या हातात ठेवलं.

लेकीने तोवर कागद दोनदा वाचला होता. तिने त्याची घडी घातली आणि तो बाईंना परत दिला. बापाकडे ती बराच वेळ बघत राहिली. तो तिच्या पट्टीकडे बघत नव्हता, बुटांकडे बघत होता.

"फोड कुठे होता?" तिने विचारलं.

"मुठीपासून वीतभर वर. आतल्या बाजूला."

"मला दिसला असता?"

त्याने खरं तेच सांगितलं. "नाही."

चाक अजून आपल्याच ओघात फिरत होतं. ते थांबेपर्यंत कुणी जागचं हललं नाही. मग लेकीने टोपी काखेत घेतली.

"बाबा, तीन वाजता टाके काढायचेत," ती म्हणाली. "बरोबर चला."

"मला बघवणार नाही गं."

"बघू नका. नुसते शेजारी बसा."